खापरी नळ : आपल्या नगरीच्या पाण्याचा विस्मृत इतिहास



प्रतिवर्षी या स्मरणिकेच्या पानांतून आपण ज्ञातीतील कर्तबगार व्यक्तींची चरित्रे वाचतो, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो आणि दिवंगत बांधवांस आदरांजली वाहतो. हे सर्व उचितच आहे. परंतु ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, ज्यांचे चित्र नाही, ज्यांचे वंशज कोण हेही आज सांगता येत नाही, अशा आपल्या पूर्वजांचे एक मोठे कार्य याच छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या पोटात पुरलेले आहे. आपण रोज त्यावरून चालतो. त्याची आठवण करून द्यावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या शहरात आमच्या एका नातलगाच्या घराचा पाया खोदण्याचे काम चालू होते. पुरुषभर खोल गेल्यावर कुदळीखाली चुन्याचे जाड बांधकाम लागले. मजुरांनी ते फोडले, तेव्हा आतून भाजलेल्या मातीच्या तांबूस नळ्या निघाल्या. एकीचे निमुळते तोंड दुसरीच्या गळ्यात बसविलेले, आणि सांधा चुन्याने बंद केलेला. कोणी म्हणाले, जुने गटार असेल. आम्ही तेथेच उभे होतो आणि आम्हांसही तसेच वाटले, हे लाजेने कबूल केले पाहिजे. सायंकाळपर्यंत त्या नळ्यांचा चुरा इतर राडारोड्याबरोबर वाहून गेला. घरातील वृद्ध आजींनी एक तुकडा तेवढा उचलला, पदराने पुसला आणि बोटाने त्यावर टिचकी मारली. तो खणखणीत वाजला. "अरे, हे तर आपल्या आव्यातलं आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

तो तुकडा पुढे आमच्या टेबलावर आला आणि त्याने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. या नळ्या कोणी घातल्या, कशासाठी घातल्या आणि त्यांतील पाणी कोठे गेले, हे समजून घेण्याचा जो अल्पसा प्रयत्न आम्ही केला, तो वाचकांपुढे ठेवतो.

खडकी आणि तिचे पाणी

या नगरीचे मूळ नाव खडकी. उत्तरेस व दक्षिणेस डोंगर, मधून वाहणारी खाम नदी, आणि पायाखाली काळा पाषाण. येथे इ. स. १६१० मध्ये मलिक अंबर याने नगर वसविले. मलिक अंबर हा जन्माने हबशी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जात जात तो दक्षिणेत आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला आणि स्वकर्तृत्वाने त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. त्याची जमीनमहसुलाची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ 'मलिकंबरी धारा' म्हणून ओळखली जात असे. शहाजीराजे भोसले यांच्यासारखे मराठे सरदार त्याच्या बरोबरीने लढले. १६२६ साली तो निवर्तला आणि खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्या मुलाने नगरास फत्तेनगर हे नाव दिले, १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली, तहान मात्र तीच राहिली.

खडकीस पाणी कमी होते असे नव्हे. पाऊस वर्षाकाठी सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर पडे व आजही पडतो. अडचण निराळी होती. हा पाऊस चार महिन्यांत येतो आणि उरलेले आठ महिने त्यावर काढावयाचे असतात. नदी उन्हाळ्यात आटते. तलाव बांधला तर त्यातील पाणी वैशाखाच्या उन्हाने उडून जाते. विहीर खोदावी तर वरचा मुरूम संपताच खाली घट्ट खडक लागतो.

मात्र उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी पावसाचे पाणी मुरुमात मुरते आणि पावसाळा संपल्यानंतरही जमिनीखालून संथपणे पाझरत राहते. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेच पाणी हेरले. ते पाणी भूमीखालूनच नगरात आणणारा जो मार्ग त्याने बांधविला, तीच 'नहर-ए-अंबरी'.

हे काम काही शांततेच्या काळात झाले नाही. १६१६ साली रोषणगावच्या लढाईनंतर मोगलांनी खडकी जाळली आणि १६२१ साली शहाजादा खुर्रमच्या स्वारीत तिची पुन्हा नासधूस झाली. दोन्ही वेळा नगर राखेतून उभे राहिले. आणखी एक नवल सांगण्यासारखे आहे. मलिक अंबराविरुद्ध लढणारा मोगल सेनापती अब्दुल रहीम खानखानान याने १६१५ च्या सुमारास बऱ्हाणपुरास अशाच धर्तीची भूमिगत व्यवस्था करविली. तिला कुंडी भंडारा म्हणतात. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेले हे दोन पुरुष एकाच काळी, दख्खनच्या एकाच पाषाणात, एकाच युक्तीने पाणी शोधीत होते. ही युक्ती मूळ इराणकडील 'कनात' या पद्धतीशी नाते सांगते. तिला २०१६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे. आपल्याकडेही अहमदनगरच्या निजामशाहीत खापरी नळांनी पाणी खेळविण्याची विद्या आधीपासून होती. पुढे अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास पाणी आणले तेही भूमिगत मार्गानेच.

मलिक अंबराच्या पश्चात या नगरीत एकामागून एक नहरी होत गेल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशी त्यांची नावे जुन्या लोकांच्या तोंडी असत. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरातही या जलव्यवस्थेचे वर्णन आले आहे. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आपण अभिमान बाळगतो. परंतु त्या दरवाजांच्या आतील हौद ज्या भूमिगत मार्गांनी भरत, ते आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहेत?

नहर चालते कशी

आमच्या तरुण वाचकांसाठी या रचनेचे थोडे वर्णन करतो, कारण हा चमत्कार नव्हे. ही समजून घेण्यासारखी, साधी व नेमकी विद्या आहे.

डोंगरपायथ्याशी जमिनीखाली दगडी बांधणीचा बोगदा असतो. त्याच्या बाजूंतून झिरपलेले पाणी आत येते. मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असतात, त्यांतून माणूस आत उतरून गाळ काढू शकतो. बोगद्यास उतार असतो, पण अगदी बेताचा. उतार जास्त झाला तर पाणी धावून बांधकाम खाईल, आणि कमी झाला तर साचून गाळ धरील. पाणी पळताही कामा नये आणि थांबताही कामा नये, हे साधणे हीच त्यातील खरी परीक्षा.

नगराजवळ आल्यावर हे पाणी खापरी नळांत शिरते. बंद नळातील पाणी आपली मूळ पातळी विसरत नाही. सखल भागातून खाली उतरले तरी पुढे तितक्याच जोमाने वर चढू पाहते. या चढण्याने नळावर ताण येतो आणि आत हवाही अडकते. म्हणून मार्गावर जागोजागी उंच मनोरे बांधले. त्यांस आपल्याकडे 'बंब' म्हणतात. पाणी मनोऱ्यात वर चढते, हवा निघून जाते, ताण मोडतो, आणि तेच पाणी दुसऱ्या नळाने पुढे जाते. ना बैल, ना मोट, ना इंधन. डोंगराची उंची एवढेच त्या यंत्राचे भांडवल.

या विद्येचे दर्शन आजही पाणचक्कीवर घडते. बुखाऱ्याच्या बाजूने आलेले सूफी साधू बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चक्की झाली. दूरवरून जमिनीखालून आलेले पाणी एका उंच भिंतीत वर चढते व तेथून हौदात कोसळते. त्या पाण्याच्या बळावर जाते फिरे आणि फकीर, विद्यार्थी व अनाथ यांच्यासाठी धान्य दळले जाई. मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत, त्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन थंड राही. पाण्याच्या एकाच धारेकडून किती कामे करवून घेतली आहेत, हे पाहून आजचा अभियंताही मान डोलावील.

कुंभाराचा वाटा

इतिहासात मलिक अंबराचे नाव राहिले आणि ते राहावयासच हवे. परंतु विचार करा, हा मार्ग उभा करण्यास किती हात लागले असतील! वडार व बेलदारांनी खडक फोडला असेल, लोणाऱ्यांनी चुना भाजला असेल, गवंड्यांनी कमानी वळविल्या असतील. आणि मातीचा नळ? तो चाकावर उतरतो आणि आव्यात भाजतो. हे काम करणारे हात कोणाचे, हे सांगण्यास ताम्रपट लागत नाही. ते हात हिंदू कुंभाराचे असोत वा मुसलमान कुंभाराचे, ते चाकावरचेच हात होत. म्हणून आजींनी त्या तुकड्यास आपल्या आव्यातला म्हटले, ते आम्हांस भावनेइतकेच तर्कासही पटते.

नळ घडविणे हे माठ घडविण्यासारखे नव्हे. माठ एकटा असतो. त्याचे तोंड थोडे मोठे झाले तर त्यावर मोठी परळ ठेवता येते. नळ मात्र शेकडो भावंडांच्या रांगेत बसावयाचा असतो. एकाचे तोंड दुसऱ्याच्या गळ्यात अचूक बसले पाहिजे, म्हणजे हजारो नळ एका मापाचे उतरले पाहिजेत. माती वाळताना आक्रसते, भाजताना पुन्हा आक्रसते. तेव्हा ओल्या मातीचे माप किती धरावे, हे कारागिराने आधीच ओळखले पाहिजे. पोयटा कोणत्या तळ्याचा, लीद व राख किती, आव्याची आच कोठवर न्यावी, यांतील एकही गोष्ट चुकली तर नळ जमिनीखाली फुटणार, आणि फुटला तर कोणास दिसणारही नाही. जे काम कोणी पाहणार नाही ते चोख करणे, ही या व्यवसायाची खरी प्रतिष्ठा होती.

ही परंपरा नहरींहूनही फार जुनी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन थरांत तेथे भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे आढळले. सांडपाणी भूमीत जिरविण्याची ती सोय होय. म्हणजे पाणी आणणे आणि पाणी जिरविणे, ही दोन्ही कामे गोदावरीच्या खोऱ्यात दोन हजार वर्षे मातीच्या भांड्याने केली.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहो. कुंभार दर उन्हाळ्यात गावतळ्याच्या आटलेल्या कडेची माती काढून नेई. त्यास माती मिळे आणि तळ्याचा गाळ निघे. दोघांचे काम एकाच टोपलीत होई. पुढे २०१७ मध्ये शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, तेव्हा आम्हांस त्या टोपलीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

नहरी मुक्या झाल्या त्या कशाने

पाणचक्कीच्या नहरीने एकविसाव्या शतकातही पाणी दिले. बाकीच्यांपैकी बहुतेक नहरी मात्र एकेक करून मुक्या झाल्या. त्यांस कोणा शत्रूने उद्ध्वस्त केले नाही. आपल्याच घरांचे पाये त्यांवर चढले. गाळ काढण्यासाठी ठेवलेली तोंडे कचऱ्याने बुजली. सांडपाणी आत शिरले. ज्या डोंगरपायथ्याशी पाणी मुरत होते तेथे वस्ती झाली, आणि जे पाझरत होते ते विंधनविहिरींनी वरच्या वर ओढून घेतले. शिवाय दूरचे पाणी घरात येऊ लागल्यावर जवळच्या पाण्याची काळजी करावी असे कोणास वाटेना.

ते दूरचे पाणी म्हणजे पैठणचे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. या नाथसागराने मराठवाड्यावर मोठे उपकार केले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. २०११ च्या खानेसुमारीत पावणेबारा लाखांवर गेलेल्या शहराची तहान एकट्या नहरी भागवू शकल्या नसत्या. जो कोणी तसे म्हणेल तो इतिहासाशी प्रामाणिक नाही.

परंतु दुसरी बाजूही आहे. नाथसागर विस्तीर्ण पण उथळ आहे, त्यामुळे त्यातील पुष्कळ पाणी उन्हाने उडून जाते. शिवाय ते पाणी शहराकडे चढावर उपसून आणावे लागते, म्हणून वीज थांबली की पाणी थांबते. सातशे आणि चौदाशे मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिन्यांनी शहरास पाणी आले, तरीही कित्येक वस्त्यांत नळास आठवड्याने पाणी येण्याचे दिवस आपण पाहिले. आता अडीच हजार मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची योजना हाती घेण्यात आली. नळ मोठा होत गेला, हे खरे. पण धरणातच पाणी नसेल तर मोठा नळ काय आणणार? २०१३ व २०१६ च्या उन्हाळ्यांत जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यावर दिवस काढावे लागले. त्याच २०१६ साली मराठवाड्यातील लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले.

बदललेला पाऊस

वडील मंडळी म्हणतात, पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही. ही केवळ म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे. हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पृथ्वीचे तापमान वाढते, समुद्रावरून येणारे वारे अधिक बाष्प आणतात, आणि पाऊस संथ झडीने न पडता एकाएकी कोसळतो. मध्ये कोरडे खंड पडतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याची उभी पिके महापुरात वाहून जाताना पाहिली.

अशा पावसाला सामोरे जावयाचे तर नहरीतील एक तत्त्व आजही खरे आहे. पाणी उघड्यावर साठविण्यापेक्षा भूमीच्या पोटात साठविलेले अधिक टिकते, आणि डोंगर जेवढे देईल तेवढेच घ्यावे. नहर कधी डोंगराच्या शक्तीपलीकडे पाणी ओढू शकत नसे. पाऊस कमी झाला की धार बारीक होई आणि नगर सावध होई. विंधनविहिरीस ही मर्यादा नाही. ती दोनशे फुटांवर आटली तर आपण चारशे फूट जातो, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडल्यावर आपल्यास आपली चूक कळते. सारांश, नहर हे पाण्याचे साधन होते तसेच ते संयमाचेही साधन होते.

आपले कर्तव्य

केवळ पूर्वजांचा अभिमान सांगून लेख संपविणे आम्हांस बरे वाटत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे ज्ञातिबांधवांपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट, जुन्या शहरात वा हर्सूल, बेगमपुरा या बाजूस खोदकाम करताना खापरी नळ अथवा चुन्याचे बांधकाम लागल्यास काम थांबवावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. जी चूक आमच्या डोळ्यांदेखत झाली, ती दुसऱ्या कोणाच्या अंगणात होऊ नये.

दुसरी गोष्ट, घरावर पडणारे पावसाचे पाणी गाळून विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडावे. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ६५,००० लिटर पाणी होते. त्यातील काही वाया गेले असे धरले तरी ५०,००० लिटर भूमीस परत देता येते. नेवाशाच्या शोषखड्ड्यांपुढे हे काम काही नवे नाही.

तिसरी गोष्ट, घरची जुनी विहीर बुजवू नये व तीत कचरा टाकू नये. विहीर बुजविणे म्हणजे आव्यास आतून खिंडार पाडणे होय. बाहेरून ते दिसत नाही, पण पुढचे सगळे भाजणे बिघडते.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. आपल्या घरातील आजोबा-आजींजवळ बसून मातीची, तळ्यांची, आव्यांची व विहिरींची माहिती लिहून घ्यावी. कोणत्या तळ्याचा पोयटा चांगला होता, तळे कधी आटले, पाणी किती हातांवर लागे, हे आज विचारले नाही तर उद्या सांगणारे उरणार नाही.

शेवटी तेरच्या गोरोबाकाकांची आठवण करून थांबतो. संतमेळ्यात कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे, हे त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले, आणि नामदेवांनी राग धरताच ते मडके कच्चे ठरले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. आजींनी त्या तुकड्यावर टिचकी मारली तेव्हा चारशे वर्षांच्या जुन्या परंपरेने खणखणीत उत्तर दिले. पुढे येणारे उन्हाळे आणि पावसाळे आपल्यासही असेच ठोकून पाहणार आहेत. त्या वेळी आपला आवाज बद्द येऊ नये, एवढीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.

तो तुकडा आम्ही मंडळाच्या स्वाधीन केला आहे. पुढील वार्षिक संमेलनात तो कार्यालयात ठेवला जाईल. प्रत्येकाने मुलाबाळांसह येऊन तो हातात घ्यावा आणि एकदा वाजवून पाहावा.